दादांना मोजून घ्यायचं नव्हतं

माझ्या गटात एकशे अठरा दारं होती. त्यांतलं एकच दार बिननंबरचं होतं, आणि ते आमचं होतं.

एक्क्याऐंशीच्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची ही गोष्ट. त्याआधी काही महिने एक माणूस गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन आमच्या भागात फिरला होता आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर लाल आकडा काढून गेला होता. तो जिना उतरून खाली पोचायच्या आत दादांनी ओलं फडकं आणून आमच्या चौकटीवरचा आकडा पुसला. दादा म्हणजे माझे सासरे, तुमच्या आईचे आजोबा. ते फार टापटिपीचे होते, पायपुसणंसुद्धा चौकटीला समांतर लागायचं. त्यामुळे रंगवलेली चौकट घाण झाली म्हणून पुसली असेल, असं मला वाटलं. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, की आजी, एखादं सरकार आपलं नाहीच असं माणसाला मनापासून वाटत असेल तर त्याने त्या सरकारचं ऐकावं का? शाळेत निबंध आहे म्हणालीस आणि पाच ओळींत उत्तर हवं म्हणालीस. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पाच ओळींचं उत्तर मी तुला तिथल्या तिथे देऊ शकले असते. पण ते पुस्तकातलं झालं असतं. मला त्या प्रश्नाबद्दल जे थोडंफार कळलं ते आमच्या मुलुंडच्या घरात, एका फेब्रुवारीत कळलं. म्हणून हे लांबलचक पत्र. धाकट्यालाही वाचून दाखव.

आम्ही तेव्हा मुलुंड पूर्वेला एका तीन मजली इमारतीत राहत होतो. मागे बैठ्या चाळी होत्या, त्यांच्यापलीकडे मिठागरं. वस्ती बरीचशी कोकणातली, निम्मे पुरुष गिरणीत. शाळेतल्या शिक्षकांना खानेसुमारीचं काम लावतात, तसं मला लागलं, आणि योगायोगाने आमचीच गल्ली माझ्या वाट्याला आली. शाळा सुटली की खांद्याला कापडी पिशवी लावून मी घरोघर जाई. माणसामागे एक छापील चिठ्ठी भरायची: नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, शिक्षण, जन्म कुठला, काम काय.

सरकारी कागदावर खाडाखोड झाली तर वाईट दिसेल म्हणून मी एक युक्ती केली होती. लोकांच्या दारात बसून आधी एका दोनशे पानी वहीत सगळं उतरवायचं आणि घरी येऊन, हात धुऊन, शाईच्या पेनाने चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात लिहायचं. प्रशिक्षणात असं करू नका म्हणून बजावलं होतं. थेट चिठ्ठीवरच लिहा, असा नियम होता. पण मला स्वच्छ प्रतीची सवय. मुलांच्या गुणपत्रिकासुद्धा मी आधी कच्च्या करत असे आणि त्या कच्च्या प्रतीही वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवत असे.

सगळी गल्ली झाल्यावर शेवटी आमचं घर घेतलं. रविवारची दुपार, जेवणं नुकतीच झाली होती. मी गमतीने पिशवी खांद्याला लावून दाराबाहेर गेले आणि कडी वाजवली. तुमची आई तेव्हा आठ वर्षांची, ती हसत हसत दार उघडायला आली. तुमच्या आजोबांनी उत्तरं दिली, सासूबाईंनी दिली. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "दादा, आता तुमची चिठ्ठी."

"माझी भरू नकोस."

"अहो दादा, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांसाठी नाही म्हणत मी. या सरकारला मला मोजायचा अधिकार नाही. ज्यांनी एकोणीस-वीस महिने लोकांना गुरांसारखं हाकललं, त्यांनी माझं डोकं मोजायचं नाही."

आणीबाणीबद्दल बोलत होते ते. तुमच्या आजोबांनी पेपर खाली ठेवला. "दादा, त्यानंतर दोन निवडणुका झाल्या. लोकांनी त्यांना पाडलं, लोकांनीच परत आणलं. आता ते निवडून आलेलं सरकार आहे."

"निवडून आले म्हणजे धुऊन निघाले का? एकाने तरी चूक झाली म्हटलं? आणि आल्या आल्या काय केलं? आपण निवडून दिलेली विधानसभा एका फर्मानाने घरी पाठवली."

"ते आधीच्या सरकारनेही केलं होतं."

"मग मी आधीच्यांचंही ऐकलं नसतं."

"आणि रेशन कार्ड? त्याच्यावर नाव चालतं ते?"

"ते गहू-तांदूळ आहेत. सरकार नव्हे."

तुमचे आजोबा हसले. दादा हसले नाहीत. सासूबाई आतून भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "भांडा दोघा बापलेक. रोज दोन टायमाक माझ्या हातचा जेवतत. जेवणारो माणूस मोजूचो नाय, तर मगे मोजूचा कोणाक?"

मला हसू येत नव्हतं. उत्तर द्यायला नकार देणं हा कायद्याने गुन्हा होता. कोणी नकार दिला तर त्याचं नाव, पत्ता लिहून वर कळवायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. खोटी नोंद केली तर मोजणाराही गुन्हेगार. माझ्या एकशे सतरा घरांनी कुरकुर न करता उत्तरं दिली होती, आणि आता मला एक तर स्वतःच्या सासऱ्यांची तक्रार लिहायची होती किंवा आमच्या घरात एक माणूस कमी राहतो असं सरकारला खोटं सांगायचं होतं. महिना संपायला सहा दिवस होते.

मी आमच्या पर्यवेक्षकांना विचारलं. ते आमच्याच शाळेतले ड्रिलचे सर. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गळ्यातली शिट्टी फिरवत म्हणाले, "अहो बाई, एवढंच ना? टेन्शन कशाला घेता? घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाने माहिती दिली की झालं. प्रत्येकाच्या तोंडून थोडीच वदवून घ्यायचंय? सासूबाईंना विचारा, चिठ्ठी भरा, विषय खल्लास. म्हाताऱ्यांना कळणारपण नाही."

हे नियमातच होतं. नियमात बसणारी वाट सापडली की माझ्यासारख्या बाईला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दादा फिरायला गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि सासूबाईंना विचारत गेले. त्या वाल सोलत उत्तरं देत होत्या.

"वय?"

"बासष्ट. नाय, त्रेसष्ट. लिही त्रेसष्ट."

"शिक्षण?"

"मॅट्रिक."

"नाव?"

त्या थांबल्या. "गो, तुका म्हायत नाय?"

"मला माहीत आहे हो. पण सांगणाऱ्याने सांगायला हवं."

"ता माझ्या तोंडात येवचा नाय. चाळीस वर्सां नाय इला, आता सरकारासाठी येतला? तूच लिही."

आणि माझाही हात थांबला. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. नवऱ्याचं नाव मी चारचौघांत घेत असे. पण सासऱ्यांचं नाव लग्न झाल्यापासून माझ्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. आमच्याकडे सून ते घेत नसे. प्रशिक्षणात कायद्याचं एक कलम वाचून दाखवलं होतं, त्यावर आम्ही सगळ्या शिक्षिका खुदुखुदु हसलो होतो: बाईला नवऱ्याचं, किंवा रूढीमुळे जे नाव ती घेत नाही असं कोणाचंही नाव सांगायची सक्ती करता येणार नाही. सरकार सगळ्यांना सगळं विचारू शकत होतं, पण माझ्या सासूबाईंना तेवढं एक विचारू शकत नव्हतं. त्या कलमाचा आधार घेऊन मी नावाची ओळ कोरी ठेवली. खरं सांगायचं तर लिहायला रूढीची आडकाठी नव्हती, ती बोलण्यापुरती होती. ज्या माणसाने नाही म्हटलंय त्याचं नाव त्याच्या पाठीमागे लिहिणं म्हणजे त्याच्या जागी सही केल्यासारखं वाटत होतं. बाकीच्या ओळी भरताना मात्र तसं वाटलं नव्हतं, हेही खरं.

ती चिठ्ठी मी गठ्ठ्यात मध्येच कुठेतरी सरकवली.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कच्ची वही उघडून बैठ्या चाळीतल्या घरांच्या चिठ्ठ्या स्वच्छ अक्षरात उतरवत होते. दादा फिरून आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ माझ्या वहीकडे पाहत राहिले. मला वाटलं, अक्षर पाहतायत. ते स्वतः कोकणातल्या आमच्या गावी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते आणि वळणदार अक्षराचं त्यांना कौतुक होतं.

"ही वही सरकारची?" त्यांनी विचारलं.

"नाही, माझी. यात आधी लिहिते आणि मग उतरवते."

"उतरवून झाल्यावर हिचं काय करणार?"

"ठेवून देईन ट्रंकेत. नंतर काही तपासायची वेळ आली तर असावी."

दादा उठले, आत गेले. त्यांनी गावाहून येताना आणलेली लोखंडी पेटी पलंगाखाली असे. तिची कडी वाजली. परत आले ते हातात एक वही घेऊन. जाड पुठ्ठ्याची, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात गावाचं नाव आणि खाली वर्ष, एकाहत्तर.

"मीही तुझ्यासारखाच," ते म्हणाले. "सरकारचे कागद सरकारला दिले आणि एक प्रत स्वतःसाठी ठेवली. शाळेच्या कपाटात. घरटी माणसं, वय, नातं. मला ती वही आवडायची. आख्खं गाव त्यात होतं."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, मी सलग लिहिते. शहात्तर साली, आणीबाणीत, शाळेच्या पडवीत एक अधिकारी येऊन बसला. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या पुरुषांची यादी मास्तरांनी संध्याकाळपर्यंत द्यावी, म्हणाला. नसबंदीसाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिक्षकांनाही माणसं आणून द्यायचे आकडे ठरवून दिले होते. दादांना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. एरवी यादी करायला गावभर फिरावं लागलं असतं, लोक सावध झाले असते, पळाले असते, निदान खोटं बोलले असते. दादांना कुठेच फिरावं लागलं नाही. त्यांनी कपाट उघडलं आणि वही काढली.

"मी म्हणू शकलो असतो, यादी नाही माझ्याकडे. कोणाला काय कळणार होतं? पण साहेबाने मागितलं, आपल्याकडे आहे, तर द्यायचं. तोपर्यंत आयुष्यभर तेच केलं होतं."

मग त्यांनी वहीतलं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. खाडीवरच्या होडीवाल्याचं घर. शाळा खाडीच्या पलीकडे होती. दादा वर्षानुवर्षं त्याच्या होडीतून जात-येत. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी, मुलगी, मुलगा.

"याला दोनच मुली," दादा म्हणाले. "तो मुलगा भावाचा. आईबाप गेलेलं पोर, यांच्याकडे वाढत होतं. मी विचारलं, हा कोण रे तुझा? तो म्हणाला, माजोच तो, मास्तर. मला माहीत होतं भावाचा आहे ते. पण तो इतक्या मायेने म्हणाला, की मी मुलगा लिहिलं. चांगलंच केलं असं वाटलं मला तेव्हा." त्यांनी वही मिटली. "यादीत त्याची तीन मुलं झाली. नेला त्याला."

मी पेनाला टोपण लावलं.

"नंतर सहा महिने मी त्याच्याच होडीतून शाळेत गेलो. दुसरी होडी नव्हती. पूर्वी उतरताना हात द्यायचा. मग बंद केलं. मी धोतर वर धरून आपला आपण उतरायचो. तो पाण्याकडे बघत बसायचा. एक अक्षर बोलला नाही." दादांची मास्तरी मराठी गळून पडली. "तो बोललो असतो तर बरा झाला असता गो बाय."

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात ते मुंबईला आले होते आणि नंतर एकदाही गावी गेले नव्हते. शिमग्याला नाही, गणपतीला नाही. गुडघे दुखतात म्हणत.

मी गठ्ठ्यातून त्यांची बिननावाची चिठ्ठी शोधून काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, "दादा, हे मी तुमच्या पाठीमागे केलंय. आईंना विचारून. नियमात बसतं. पण आता मला हे देववत नाही. तुम्ही म्हणाल तर फाडते आणि नकार दिला म्हणून कळवते. जे होईल ते होईल."

त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मॅट्रिक कोणी सांगितलं?"

"आईंनी."

"मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. मॅट्रिक नाही." आणि आतल्या दिशेने मोठ्याने, "काय गो, लग्नात माझी मॅट्रिक सांगितलेली काय तुका?"

"तुमच्याच बापाशीन सांगितलेली!" आतून आवाज आला. "चाळीस वर्सां मी मॅट्रिकवाल्यासाठी रांधतंय, आणि आता सांगतत!"

दादा हसले. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "त्यांना मी सरकार मानत नाही. ते काही बदललेलं नाही. पण त्यांच्या कागदावर मी नसलो, तर त्यांचं काय बिघडतं? बिघडेल तुझं. मी एकदा माझी मान सोडवायला दुसऱ्यांची दिली. आता मान ताठ ठेवायला तुझी कशी देऊ?" मग त्यांनी कच्च्या वहीवर हात ठेवला. "माझी चिठ्ठी भर. पण ही वही ठेवायची नाही. सरकारने जेवढं छापून मागितलंय तेवढं त्याला दे. जास्तीचं आपण आपल्या हाताने तयार करून ठेवायचं नाही. उद्या कोणी पडवीत येऊन बसला, तर तुझं कपाट रिकामं हवं."

"तसं आता परत होणार नाही, दादा."

"मलाही वाटलं नव्हतं."

बैठ्या चाळीतली वीस-बावीस घरं उतरवायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि दादांच्या समोर बसून ती पुरी केली. ते एकेक चिठ्ठी वहीशी ताडून बघत होते, मुख्याध्यापकासारखे. त्यानंतरच्या सकाळी मागच्या गॅलरीत सासूबाईंनी आंघोळीचा बंब पेटवला, तेव्हा मी वहीची पानं चार-चार करून फाडून त्यात घातली. मला त्रास झाला, हे कबूल करते. इतकं नेटकं लिहिलेलं मी कधी जाळलं नव्हतं. दादा बाजूला उभे होते. त्यांची स्वतःची वही त्यांनी बंबात घातली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ती जाळली तर लपवल्यासारखं होईल."

त्यांच्या चिठ्ठीवरची नावाची ओळ त्यांनी स्वतः भरली. मॅट्रिक खोडून व्हर्नाक्युलर फायनल लिहिलं. माझ्या सगळ्या गठ्ठ्यात खाडाखोड असलेली तेवढी एकच चिठ्ठी. ड्रिलच्या सरांनी कागद ताब्यात घेताना ती उचलून पाहिली. "हे अक्षर कोणाचं, बाई? तुमच्यापेक्षा झकास आहे."

"त्यांचंच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे पटवलंत तर."

मी हो म्हटलं. वास्तविक कोणी कोणाला पटवलं होतं हे मला नीट सांगता आलं नसतं, आणि त्यांना शाळेची घंटा द्यायला जायचं होतं.

तुझ्या निबंधासाठी उत्तर हवं असेल तर माझ्याकडे असलेलं एवढंच आहे. दादांनी सरकारचं ऐकलं, असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांनी एकदा ऐकलं होतं, गावच्या पडवीत, आणि ते ऐकणं त्यांना पुरून उरलं होतं. सरकार आपलं आहे की नाही, यावर तुमचे आजोबा आणि दादा पुढेही वर्षानुवर्षं भांडले, आणि मला दोघांचंही थोडं थोडं पटत आलं. मी स्वतः नियमाने चालणारी बाई. पण त्यानंतर माझ्या हातात कोणाची माहिती आली की मी आधी हे बघते, की हा कागद ज्याच्याविषयी आहे तो माणूस आत्ता इथे बसला असता तर मी तो लिहिला असता का. बाकी तू ठरव.

मार्चमध्ये शिमग्याला दादा गावी गेले. गुडघ्यांचं काही बोलले नाहीत. खाकी कव्हरची वही त्यांनी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली, ते मी पाहिलं. चार दिवसांनी परत आले तेव्हा पिशवीत कोकमं होती, कुळथाचं पीठ होतं आणि वहीही तशीच होती.

चहा झाल्यावर मी विचारलं, "भेटला?"

"खाडीवर पूल झालाय," दादा म्हणाले. "होडी बंद. तो मुलींना आणि त्या मुलाला घेऊन मुंबईला आला, दोन वर्षं झाली म्हणतात. कुठे ते कोणाला ठाऊक नाही. भांडुप म्हणतात, कोणी म्हणतं घाटकोपर."

ते खिडकीतून मागच्या चाळींकडे आणि त्यांच्यापलीकडच्या मिठागरांकडे बघत राहिले.

"म्हणजे इथेच कुठेतरी मोजला गेला असणार," ते म्हणाले. "कोणीतरी तुझ्यासारखंच दारात जाऊन विचारलं असणार, हा मुलगा कोण तुझा म्हणून. त्याने काय सांगितलं असेल?" आणि थोड्या वेळाने, "ज्याने कोणी लिहून घेतलं, त्याने वही ठेवली नसली म्हणजे झालं."